अर्धवाहकांचा धंदा : त्याचे अर्थशास्त्र आणि भवितव्य



आमच्या लहानपणी ‘ट्रान्झिस्टर’ हा शब्द खेडोपाडी पोचला होता. पण त्याचा अर्थ रेडिओ असा होता. चामड्याच्या पिशवीत घालून, खांद्याला अडकवून शेतावर न्यावयाचा तो रेडिओ ज्याच्या घरी असे, तो मनुष्य ‘आमचा सहा ट्रान्झिस्टरांचा आहे’ असे मोठ्या अभिमानाने सांगे. आज या मंडपात बसलेल्या बहुतेकांच्या खिशात मोबाईल फोन आहे. त्यांतील एखाद्या महागड्या फोनची मुख्य चिप घेतली, तर नखाएवढ्या त्या तुकड्यावर दीड-दोन हजार कोटी ट्रान्झिस्टर असतात. पृथ्वीवरील माणसांना माणशी दोन वाटावयाचे म्हटले, तरी एका फोनमधले जवळजवळ पुरावेत. सहांचा अभिमान बाळगणारा मनुष्य आज हजारो कोटी खिशात घालून हिंडतो, आणि त्यांची संख्याही त्याला ठाऊक नसते.

कोणतीही वस्तू इतकी स्वस्त झाल्याचे दुसरे उदाहरण उद्योगधंद्यांच्या इतिहासात सापडणे कठीण आहे. पण हीच वस्तू जेथे बनते तो कारखाना मात्र एवढा महाग झाला आहे, की अगदी पुढारलेल्या जातीचा कारखाना उभारून चालविण्याची ऐपत आज जगात तीन कंपन्यांचीच उरली आहे : तैवानची टी.एस.एम.सी., दक्षिण कोरियाची सॅमसंग आणि अमेरिकेची इंटेल. माल स्वस्त आणि कारखाना महाग, हा विरोध कसा उत्पन्न झाला, तो पुढे कोठे जाणार, आणि आपल्या सरकारने या धंद्यात जो पैसा घालावयाचे ठरविले आहे त्याचे फळ कशावर अवलंबून आहे, या तीन प्रश्नांचा आज आपण विचार करणार आहोत. तिसरा प्रश्न आपल्या खिशाशी निगडित आहे, कारण तो पैसा तुमचा आणि माझा आहे.

वाळू आणि छापखाना

तांब्यातून वीज सहज वाहते; काचेतून ती वाहत नाही. सिलिकॉन हे मूलद्रव्य या दोहोंच्या मधले, म्हणून त्यास अर्धवाहक म्हणतात. अत्यंत शुद्ध सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉन यांचा नाममात्र अंश मिसळला, की त्याची वाहकता आपल्या इच्छेप्रमाणे कमीजास्त करता येते. अशा भागांची विशिष्ट रचना केली, की एका टोकाशी दिलेल्या लहानशा विद्युत्-दाबाने दुसरीकडचा प्रवाह चालू किंवा बंद होतो. ट्रान्झिस्टर म्हणजे, ढोबळपणे बोलावयाचे तर, हाताने न दाबता चालणारे बटन. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. त्यांना व त्यांचे सहकारी शॉकली यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रारंभी हे ट्रान्झिस्टर एकेक करून बनवीत व हाताने तारा जोडून एकत्र करीत. दहा जोडावयाचे तर श्रम दहापट, शंभर जोडावयाचे तर शंभरपट. १९५८-५९ मध्ये जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, हे सर्व भाग सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर बनविण्याची कल्पना पुढे मांडली. नॉइस यांच्या पद्धतीत जोडतारासुद्धा त्याच तुकड्यावर छापल्या जाऊ लागल्या. त्या क्षणी हा धंदा जोडारीचा राहिला नाही, छपाईचा झाला. छापखान्याचा हिशेब आपणा सर्वांस माहीत आहे. पुस्तकाची जुळणी करावयास जो खर्च येतो तो एकदाच येतो. मग प्रती शंभर काढा की दहा हजार. प्रती जितक्या जास्त, तितकी प्रत स्वस्त.

येथे कागदाच्या ठिकाणी सिलिकॉनची चकती असते. वाळूपासून काढलेल्या सिलिकॉनचा एक मोठा, एकसंध स्फटिक वाढवितात व त्याचे पातळ काप काढतात. आजच्या मोठ्या कारखान्यांत या चकतीचा व्यास ३०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील जेवणाच्या ताटाएवढा असतो. तिच्यावर प्रकाशाच्या साहाय्याने नक्षी उमटवावयाची, ती कोरावयाची, वर दुसरा थर द्यावयाचा, पुन्हा नक्षी, पुन्हा कोरणे, असे शेकडो संस्कार होतात व त्यांस दोन-तीन महिने लागतात. शेवटी चकती कापून तिच्या चिपा सुट्या करतात.

उतारा

आता या धंद्याच्या मुळाशी आपण येऊन पोचलो. चकतीवर छापलेल्या सर्वच चिपा चालत नाहीत. धुळीचा कण, रसायनातील अशुद्धता, एखाद्या थराची किंचित कमीजास्त जाडी, एवढ्याने चिप निकामी होते. शंभरांपैकी चांगल्या किती निघाल्या, या प्रमाणाला आपल्या साखर कारखान्यातील शब्द चपखल बसतो. तो शब्द म्हणजे ‘उतारा’. तेथे उसाचा उतारा पाहतात, येथे चकतीचा.

उताऱ्याचे गणित गृहिणींना माझ्यापेक्षा लवकर समजेल. एक मोठी पोळी लाटून तिचे ६०० शंकरपाळे कापले, असे समजा. पिठात नकळत ३०० बारीक खडे राहून गेले होते आणि ते पोळीभर कसेही विखुरले आहेत. ज्या शंकरपाळ्यात एकही खडा असेल तो टाकून द्यावयाचा. संभाव्यतेच्या नियमाने हिशेब केला, तर ६०० पैकी सुमारे ३६४ शंकरपाळे चांगले निघतात. आता तीच पोळी, तेच ३०० खडे; पण शंकरपाळे चौपट मोठे कापा. एकूण १५० होतील आणि त्यांतले चांगले निघतील अवघे वीस! शंकरपाळा चौपट मोठा झाला, पण चांगल्यांची संख्या चौथ्या हिश्श्यावर न थांबता अठराव्या हिश्श्यावर आली.

चिपेचे अगदी असेच आहे, आणि यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की चिप जितकी लहान, तितका लाभ दुहेरी : एका चकतीतून चिपा अधिक निघतात आणि त्यांतल्या चांगल्यांचे प्रमाणही वाढते. या धंद्याने सत्तर वर्षे प्रत्येक रेषा बारीक करण्याचा जो ध्यास घेतला, त्याच्या मागे हा हिशेब आहे. दुसरी गोष्ट ही, की खडे वेचता येणे हीच येथील खरी विद्या. वाळू कोणाकडेही आहे. यंत्रे पैसे टाकून मिळतात. पण शेकडो संस्कारांपैकी नेमका कोणता बिघडतो आहे हे ओळखून तो सुधारणे, ही गोष्ट माल काढता काढताच शिकावी लागते. जो अधिक माल काढतो तो अधिक चुका पाहतो; जो अधिक चुका पाहतो त्याचा उतारा सुधारतो; ज्याचा उतारा सुधारतो तो स्वस्त विकू शकतो; आणि जो स्वस्त विकतो त्यालाच पुन्हा अधिक माल काढावयास मिळतो.

एप्रिल १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी एका व्यवसायविषयक मासिकात एक छोटा लेख लिहिला. त्यातील विधान पुढे ‘मूरचा नियम’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. पुष्कळांची समजूत अशी आहे, की तो पदार्थविज्ञानाचा नियम आहे. वास्तविक मूर खर्चाबद्दल बोलत होते. एका चिपेवर किती घटक बसविले असता प्रत्येक घटकामागे खर्च सर्वांत कमी येतो, हा त्यांचा प्रश्न होता. आणि ती संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. १९७५ साली त्यांनी ही मुदत दोन वर्षांची केली. १९७१ साली इंटेलने काढलेल्या पहिल्या सूक्ष्मप्रक्रियकात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. तेथून आजच्या हजारो कोटींपर्यंतचा प्रवास, म्हणजे ही दुप्पट पंचवीसच्या आसपास वेळा झाली, इतकेच. बुद्धिबळाच्या पटावर गव्हाचे दाणे मागणाऱ्या ब्राह्मणाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे; दुप्पटीची शक्ती त्या राजाला कळावयास उशीर लागला, तसाच आपल्यालाही लागला.

कारखाना महाग का झाला

रेषा बारीक करावयाची तर छपाईचे यंत्रही तितकेच सूक्ष्म हवे. आज सर्वांत बारीक छपाई करणारी यंत्रे नेदरलँड्‌समधील ए.एस.एम.एल. ही एकच कंपनी बनविते. त्यांत वितळलेल्या कथलाचे सूक्ष्म थेंब सेकंदास पन्नास हजार या वेगाने सोडतात, प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा करतात व त्यातून निघणारा १३.५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश जर्मनीत घासलेल्या आरशांवरून चकतीवर आणतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. अशा एका यंत्राची किंमत पंधरा कोटी डॉलरच्या वर, आणि त्याच्या नव्या आवृत्तीची त्याच्या दुपटीहून अधिक. कारखान्याला अशी यंत्रे अनेक लागतात. शिवाय इस्पितळातील शस्त्रक्रियेच्या खोलीहून कितीतरी पटींनी स्वच्छ हवा, अतिशुद्ध पाणी आणि क्षणभरही न जाणारी वीज.

यामुळे खर्चाचे स्वरूप पालटते. आपल्या किराणा दुकानात मुख्य खर्च मालाचा असतो. माल विकला नाही तर तो पुन्हा भरावा लागत नाही. चिपेच्या कारखान्यात मुख्य खर्च घसाऱ्याचा. यंत्रे पाच-सात वर्षांत जुनी होतात, आणि ती चालोत की बंद राहोत, त्यांचा घसारा दररोज लागतच असतो. म्हणून कारखाना रात्रंदिवस भरलेला ठेवणे हा या धंद्याचा पहिला धर्म आहे.

या धर्मापायी एक आपत्तीही ओढवते. लासलगावच्या बाजाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. कांद्याला भाव आला, की सगळे कांदा लावतात. सगळ्यांचा कांदा एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतो. स्मरणचिपांचे, म्हणजे संगणकात माहिती साठविणाऱ्या चिपांचे, तसेच होते. फरक एवढाच, की कांदा चार महिन्यांत येतो आणि कारखाना उभा राहावयास दोन-तीन वर्षे लागतात. आणि मंदीत शेतकरी पुढचे पीक बदलू शकतो, कारखानदार मात्र घसाऱ्याच्या भीतीने तोट्यातही माल काढीत राहतो. जगातील अर्धवाहकांची विक्री २०२२ साली सुमारे ५७,४०० कोटी डॉलर होती. २०२३ मध्ये ती सुमारे ५२,७०० कोटींवर घसरली. २०२४ मध्ये ६२,७०० कोटींच्या पुढे गेली. २०२३ च्या मंदीत स्मरणचिपांच्या बड्या उत्पादकांपैकी एकही तोट्यातून सुटला नाही. २०२५ अखेर त्याच चिपांचे भाव भडकले.

अशा चढउतारांत दुबळे गळून पडतात. स्मरणचिपांच्या धंद्यात पहिली काही वर्षे अमेरिका पुढे होती. १९८० नंतरच्या काळात जपानी कंपन्यांनी चांगल्या उताऱ्याच्या जोरावर तिला मागे टाकले, इतके की १९८५ मध्ये इंटेलने हा धंदाच सोडला. मग दक्षिण कोरिया पुढे आला. जर्मनीची क्विमोंडा २००९ मध्ये व जपानची एल्पिडा २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. आज जगाचा बहुतांश पुरवठा दोन कोरियन व एक अमेरिकन अशा तीन कंपन्यांच्या हाती आहे.

लेखक निराळा, मुद्रक निराळा

कारखाना एवढा महाग झाल्यावर ज्याच्याजवळ नवी कल्पना आहे पण भांडवल नाही त्याने काय करावे? या प्रश्नाचे उत्तर तैवानमध्ये सापडले. तेथील सरकारी संशोधनसंस्थेने १९७६ साली अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीकडून त्या वेळी काहीशी जुनी झालेली पद्धत विकत घेतली आणि तरुण इंजिनियरांची एक तुकडी शिकावयास अमेरिकेत पाठविली. ती मंडळी परत येऊन नमुन्याच्या लहान कारखान्यात कामाला लागली, आणि थोड्याच काळात तेथील उतारा मूळ गुरूच्या कारखान्याहून वरचढ झाला. १९८७ मध्ये मॉरिस चँग यांच्या नेतृत्वाखाली टी.एस.एम.सी. स्थापन झाली. चँग यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षे काढली होती. अनुभव वाढला की खर्च उतरतो, हे सूत्र त्यांनी तेथेच हाताळले होते. भांडवलाचा जवळजवळ निम्मा भाग सरकारी, चौथा हिस्सा फिलिप्स या डच कंपनीचा.

या कंपनीने एक निश्चय केला. स्वतःच्या नावाची एकही चिप बनवावयाची नाही; दुसऱ्यांनी आराखडा आणावा, आपण तो छापून द्यावा. लेखक निराळा आणि मुद्रक निराळा, अशी ही वाटणी झाली. छापखाना नसलेल्या लेखकांची त्यामुळे चंगळ झाली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांसाठी गाजत असलेल्या एन्व्हिडियाचा स्वतःचा कारखाना नाही. मुद्रकाचाही लाभ झाला. कारण शेकडो गिऱ्हाइकांचे काम एकाच ठिकाणी आल्याने कारखाना भरलेला राहिला, आणि शेकडो गिऱ्हाइकांच्या चुका पाहावयास मिळाल्याने उतारा वाढत गेला.

परंतु जगाने आपली पुस्तके एकाच छापखान्यात टाकली, असाही याचा अर्थ झाला. अमेरिकेतील या धंद्याच्या संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, दहा नॅनोमीटरहून सूक्ष्म म्हणविल्या जाणाऱ्या चिपांची २०१९ मधील ९२ टक्के उत्पादनशक्ती एकट्या तैवानात होती. त्या बेटास भूकंपाचे भय आहे. २०२१ च्या अवर्षणात तेथे भातशेतीचे पाणी तोडावे लागले आणि चिपांच्या कारखान्यांस टँकरने पाणी आणावे लागले. आणि चीन त्या बेटावर हक्क सांगतो.

पुरवठा तुटला म्हणजे काय होते, याची चुणूक जगाला महामारीच्या काळात मिळाली. २०२० च्या उन्हाळ्यात वाहनांच्या कंपन्यांनी मागणी घटेल या समजुतीने चिपांच्या मागण्या रद्द केल्या. घरी बसलेल्या लोकांनी संगणक व दूरचित्रवाणी संच घेतले आणि कारखान्यांतील ती जागा दुसऱ्यांनी भरली. काही महिन्यांनी वाहनवाले परत आले तेव्हा त्यांना रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले. २०२१ मध्ये आपल्या चाकण-पिंपरीच्या परिसरासही त्याची झळ लागली. लाखो रुपयांची मोटार काही रुपयांच्या चिपेवाचून अडली, आणि ती चिप अतिसूक्ष्म नव्हती. जुन्या, साध्या जातीची होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिचा पुढे उपयोग होणार आहे.

या अनुभवानंतर सरकारे जागी झाली. अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये या धंद्यासाठी ५,२७० कोटी डॉलरचा कायदा केला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पुढारलेल्या चिपा व त्यांची यंत्रे चीनला देण्यावर निर्बंध घातले. टी.एस.एम.सी. अमेरिकेत ॲरिझोना येथे कारखाने उभारीत आहे. २०२० मध्ये तिने १,२०० कोटी डॉलरचा संकल्प सोडला होता. मार्च २०२५ पर्यंत तो आकडा १६,५०० कोटींवर गेला. प्रत्येक राष्ट्र आपापला कारखाना मागू लागले म्हणजे सुरक्षितता वाढते, पण एकत्र काम आल्याने जी स्वस्ताई लाभली होती तिचा काही भाग परत द्यावा लागतो. विम्याचा हप्ता भरावाच लागतो. तो फुकट मिळतो, असे मात्र कोणी समजू नये.

पुढे काय

सिलिकॉनच्या स्फटिकातील अणूंची मांडणी दर अर्ध्या नॅनोमीटरला पुन्हा तशीच येते. त्यापुढे रेषा बारीक करणे म्हणजे अणूच कातरणे. ती सीमा अद्याप गाठलेली नाही. ‘तीन नॅनोमीटर’, ‘दोन नॅनोमीटर’ ही आता पिढ्यांची नावे आहेत, प्रत्यक्ष मोजमापे नव्हेत. पण खर्चाची सीमा आधी जाणवू लागली आहे. पूर्वी प्रत्येक नव्या पिढीबरोबर ट्रान्झिस्टर ठळकपणे स्वस्त होत असे. गेल्या दशकभरात ती घसरण मंदावली आहे. मूर यांचे निरीक्षण खर्चाविषयी होते हे आठवले, म्हणजे या मंदपणाचे महत्त्व लक्षात येईल.

म्हणून आता निराळ्या वाटा शोधल्या जात आहेत. त्यांतील एक तर शंकरपाळ्यांचीच आहे. मोठी चिप एकसंध न छापता तिचे लहान लहान भाग निरनिराळे छापावयाचे, चांगले तेवढे निवडावयाचे आणि एकाच बैठकीवर शेजारीशेजारी जोडावयाचे. यामुळे जोडणी व तपासणी ही कामे पुन्हा महत्त्वाची होऊ लागली आहेत. दुसरी अडचण विजेची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगातील संगणककेंद्रांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. हा जगाच्या एकूण वापराचा दीड टक्का होतो, आणि २०३० पर्यंत तो आकडा दुपटीहून अधिक होईल, असे ती संस्था म्हणते. तेव्हा यापुढे चिप किती वेगवान आहे याबरोबर ती किती वीज खाते, हाही भाव ठरविणारा प्रश्न होईल. आणि तिसरी गोष्ट ही, की मोटारी, पंप, वीजमापके, वैद्यकीय उपकरणे यांना लागणाऱ्या साध्या, जुन्या जातीच्या चिपांची गरज संपणारी नाही.

आपला प्रश्न

आता आपल्या घराकडे वळू. भारताने या धंद्यात आजच पाऊल टाकले, असे नाही. पंजाबात मोहाली येथे सरकारी कारखान्यात १९८४ साली चिपांचे उत्पादन सुरू झाले. टी.एस.एम.सी.चा तेव्हा जन्मही झाला नव्हता. १९८९ च्या फेब्रुवारीत त्या कारखान्यास मोठी आग लागली आणि पुन्हा उभे राहावयास त्याला बरीच वर्षे गेली. या धंद्यात वर्षे जाणे म्हणजे काय, हे उताऱ्याच्या चक्रावरून आपणांस समजलेच आहे. तरीही तो कारखाना मोडीत निघाला नाही. अवकाश कार्यक्रमासाठी तेथे बनलेला ‘विक्रम’ हा प्रक्रियक सप्टेंबर २०२५ मध्ये देशापुढे ठेवण्यात आला. त्याची छपाई १८० नॅनोमीटरची आहे. अग्निबाणाला तेवढी पुरते. बाजाराच्या स्पर्धेचा प्रश्न निराळा.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या धंद्यासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना केली. तिच्याखाली फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेला सर्वांत मोठा कारखाना गुजरातेत धोलेरा येथील, टाटांचा, तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या सहकार्याचा. त्याचा अंदाजी खर्च ९१,००० कोटी रुपये, आणि पूर्ण चालल्यास महिना ५०,००० चकत्या. चिपा २८ नॅनोमीटर व त्याहून जाड, म्हणजे मोटारींना लागणाऱ्या साध्या जातीच्या. ही निवड मला शहाणपणाची वाटते.

आता आपण एक ठोकळ हिशेब करू. समजा, ९१,००० कोटींचा घसारा पाच वर्षांत काढावयाचा आहे. वर्षाला १८,२०० कोटी. कारखाना पूर्ण भरलेला असेल तर वर्षाला सहा लाख चकत्या. म्हणजे दर चकतीमागे सुमारे तीन लाख रुपये निव्वळ घसारा. चकतीवर आपल्या शंकरपाळ्यांप्रमाणे ६०० चिपा धरा. सर्व चांगल्या निघाल्या तर चिपेमागे ५०० रुपये. आता कारखाना निम्माच चालला व उताराही निम्माच आला, तर त्याच चिपेमागे २,००० रुपये. इमारत तीच, यंत्रे तीच. या प्रकल्पाचा निम्मा भांडवली खर्च केंद्र सरकार उचलते व राज्य त्यावर आणखी भर घालते. पण निम्मा भार उचलला तर ५०० चे २५० आणि २,००० चे १,००० होतील. त्यांतले चौपटीचे अंतर तसेच राहील. सरकारी साहाय्याने इमारत विकत घेता येते. उतारा विकत घेता येत नाही, आणि गिऱ्हाईकही नाही.

महाराष्ट्राच्या मनात या विषयाची एक सल आहे. तळेगावास येणार म्हणून बोलला जात असलेला वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातेत जाण्याचे जाहीर झाले. त्यावर आपल्याकडे मोठे रण माजले. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. त्या वेळच्या वादात जमीन, सवलत, लाखो कोटींचे आकडे, राज्याचा मान, हे सारे आले; पण त्या कारखान्याला पद्धत कोण शिकविणार आणि त्याचा माल कोण घेणार, हे दोन प्रश्न क्वचितच कोणी विचारले. कोणताही पक्ष डोळ्यांपुढे न ठेवता मी म्हणतो, की ते आपण सर्वांनी विचारावयास हवे होते.

आपले बळ कोठे आहे? टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बंगलोरला आपले आराखडाकेंद्र काढले. तेव्हापासून वाढत वाढत आज जगातील चिपांचे आराखडे करणाऱ्या इंजिनियरांपैकी सुमारे पाचवा हिस्सा भारतात काम करतो, असे सांगतात. मघाच्या उपमेत बोलावयाचे, तर लेखनिक आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण ग्रंथावर नाव बहुधा परक्या प्रकाशकाचे असते. मुद्रकाची विद्या मात्र आपल्याकडे फारच थोड्यांना आहे. तैवानने प्रथम तरुणांची तुकडी पाठविली, मग लहान कारखान्यात उतारा सिद्ध केला, आणि तुकडी पाठविल्यापासून अकरा वर्षांनी मोठी कंपनी काढली. आपण बराचसा पैसा प्रथम घातला आहे. तो चुकला असे आज म्हणता येणार नाही; पण शिकण्याचा काळ त्यामुळे टळत नाही, एवढे समजून असावे.

म्हणून आपणा सर्वांस माझी एक सूचना आहे. या कारखान्यांबद्दल वर्तमानपत्रांत येईल तेव्हा किती हजार कोटी, हे वाचून थांबू नका. आणखी तीन गोष्टी विचारा. कारखाना किती भरलेला आहे? उतारा किती आला? आणि गेल्या वर्षी तेथे जे शिकावयास लागले, त्यांतले किती जण टिकले? पहिल्या दोन-तीन वर्षांत उत्तरे निराशाजनक येतील. तैवान, कोरिया, जपान यांपैकी कोणालाही पहिल्या दिवशी यश आले नाही. त्या वेळी पैसा बुडाला अशी ओरड करून हात आखडता घेणे जितके चूक, तितकेच उतारा न विचारता पैसा ओतीत राहणेही चूक.

वाळू स्वस्त आहे, आणि ती सगळ्यांकडे आहे. तिच्यावर चढणारी किंमत ही न चुकण्याची किंमत आहे. आणि न चुकणे हे पुष्कळ वेळा चुकून, ती चूक प्रामाणिकपणे नोंदवून आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागूनच येते. समोर जे विद्यार्थी बसले आहेत त्यांच्यापैकी काही जण उद्या त्या पांढऱ्या पोशाखात, त्या धूळविरहित खोलीत उभे असतील. तेथे एखाद्या चकतीचा उतारा का उतरला याचा शोध घेत त्यांनी जागविलेली रात्र ही या ७६,००० कोटींतील सर्वांत फलदायी गुंतवणूक ठरेल, असा मला विश्वास वाटतो.